कूलरसमोर टांगलेला तापमापक

दुपारचे अडीच. सुकी नळी तेहेतीस अंशांवर, ओली नळी एकतीसवर. मधलं अंतर दोन अंश, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनही कमी. मित्रांनो, एवढ्याशा अंतरावर एका बाईचं सगळं काम अडकलं होतं, आणि ते वाचायला घरातल्या पुरुषांना सवड नव्हती.

मी ओला-सुका तापमापक. लाकडी फळीवर माझ्या दोन काचनळ्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत. एकीचा फुगा उघडा. दुसरीच्या फुग्याला मलमलची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या कुपीत. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ओल्या नळीतला पारा खाली उतरतो. हवा दमट असली की दोन्ही पारे जवळ येतात. एवढंच माझं शास्त्र. पण ते कधी चुकत नाही.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं धाग्यांच्या खोलीत काम केलं. दर तासाला कोणीतरी मला वाचून वहीत आकडे लिहायचं. मग नवी यंत्रं आली आणि मी कल्याणच्या भंगारात जाऊन पडलो. माझी वात वाळून काडीसारखी झाली. तिथून मला वासंतीने उचललं. वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई. तिने नवी वात घातली, कुपीत उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि वर्तकनगरच्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात, पश्चिमेच्या खोलीत मला टांगलं.

त्या खोलीत ती अळिंबी, म्हणजे खायची भूछत्रं, वाढवायची. गरम पाण्यातून काढलेला भाताचा पेंढा, त्यात बियाणं, आणि ते भरलेल्या पिशव्या ओळीने दोरीला टांगलेल्या. अळिंबीला अठ्ठावीस अंशांच्या वरची उष्णता मानवत नाही. आदल्या मे महिन्यात सगळ्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली होती. यंदाही पीक गेलं तर हा उद्योग कायमचा बंद करायचा, असं तिच्या यजमानांनी, श्रीपादनी, सांगून टाकलं होतं.

माझा राग इथून सुरू होतो. त्या घरात एक खोली थंड होती. उत्तरेची, खिडकीवर जांभळाची सावली. पण ती 'भावोजींची खोली'. श्रीपादचे थोरले बंधू विश्राम नागपूरला असत, वर्षातून पंधरा दिवस येत. सासऱ्यांनी थोरल्यासाठी राखून ठेवलेली खोली म्हणून उरलेले साडेअकरा महिने तिथे एक रिकामा पलंग सावलीत पडून असे. वासंती माझे आकडे वाचायची, त्या बंद दाराकडे बघायची आणि पुन्हा पिशव्यांवर पाणी शिंपडू लागायची. असे दोन उन्हाळे.

यंदाच्या मे महिन्यात विश्राम आले ते पत्र्याचा मोठा कूलर घेऊन. नागपुरात यावर घरंच्या घरं थंड राहतात, म्हणाले. खरं आहे. तिथल्या उन्हाळ्यात माझ्या दोन नळ्यांत वीस अंशांचं अंतर पडेल. इथे खाडीचा दमट वारा. ओली नळी जिथे थांबते त्याच्या खाली कुठलाच कूलर जात नाही, हे वासंतीने शांतपणे समजावलं. ते हसले. पुस्तकी ज्ञान, म्हणाले. कूलर त्यांनी अळिंबीच्या खोलीत चालू केला, वर थंडावा बाहेर जायला नको म्हणून खिडकीही लावून घेतली.

बंद खोलीत कूलर फक्त ओल वाढवतो. तीन दिवसांत भिंतींना घाम फुटला. कोंदट हवेत अळिंबीचे देठ लांबत गेले, छत्र्या मात्र गुंडीएवढ्याच राहिल्या. चौथ्या दिवशी दोन पिशव्यांवर हिरवे ठिपके दिसले.

विश्रामनी माझ्या काचेवर टिचकी मारली. "हे बिघडलंय," म्हणाले.

मी! अकरा वर्षांत हा शब्द मला कोणी लावला नव्हता.

मग त्यांना युक्ती सुचली. मागच्या दारी मासळी घेऊन येणाऱ्या जनीकडे त्यांनी बर्फ मागितला. तिने टोपलीतला बर्फ दिला, पण ऐकवल्याशिवाय नाही.

"दादा, या वाऱ्यान आमचं बोंबील सुकत नाय. तुमचा डबा कवा थंड करल? खोलीला बोंबलाचा वास तेवढा येल."

बर्फ टाकीत पडला. मला खिळ्यावरून काढून कूलरच्या तोंडासमोर टांगलं. गार शिंतोडे माझ्या सुक्या फुग्यावर बसले आणि पारा घसरत सव्वीसवर आला. विश्रामनी भावाला बोलावून तो आकडा दाखवला. श्रीपादनी मान डोलावली आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

मित्रांनो, माझ्याकडून खोटं वदवून घेतलं गेलं. त्यापेक्षा मला फरशीवर आपटून फोडलं असतं तर बरं. तुमच्या घरी तापमापक असेल, तराजू असेल, तर त्याची निगा राखा, काच पुसा, वात बदला. पण तो तुम्हाला नको असलेलं सांगू लागला की त्याला बिघडलेला ठरवू नका. ती निगा नव्हे, ती लबाडी.

वासंती आली. तिने माझा सुका फुगा बोटाने चाचपला. बोट ओलं झालं. तिने मला कोरडं पुसलं आणि थेट उत्तरेच्या खोलीत नेलं. विश्राम पलंगावर आडवे झाले होते. त्यांच्या उशाशी मला टांगून ती खुर्ची ओढून बसली. पारा स्थिरावेपर्यंत पाऊण तास बसली. हे काय चाललंय, म्हणून विचारत श्रीपाद दारात येऊन उभे राहिले. मग उठली, पारा डोळ्यांच्या रेषेत येईल अशी वाकली आणि दोघांना ऐकू जाईल असं वाचलं. सुकी एकोणतीस, ओली सव्वीस. खिडकीला ओलं गोणपाट लावलं की आणखी एक अंश उतरेल, म्हणजे अळिंबीला चालणारे अठ्ठावीस.

विश्राम उठून बसले. "अगं, पण मग मी झोपायचं कुठे?"

"कूलरच्या खोलीत, भावोजी. तुमच्या हिशेबाने तिथे सव्वीस आहे," वासंती म्हणाली. मग ती श्रीपादांकडे वळली. "अहो, पलंगाचं ते टोक धरा. अळिंबी आजपासून या खोलीत वाढणार."