माझा भाव ठरला त्या दिवशी

मित्रांनो, जन्माला आले तेव्हा मला दोनच चाकं होती. तिसरं चाक मला सियांतार गावात मिळालं आणि माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं. मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझ्या डाव्या अंगाला साइडकार आहे. तिच्यात दोन माणसं बसतात, किंवा एक बाई आणि तिच्या चार पाट्या.

इंग्लंडातल्या एका कारखान्यात मला जोडलं. तेव्हा मोठं युद्ध चालू होतं. मला हिरवा रंग फासला आणि माझ्यासारख्या कितीतरी बहिणींबरोबर जहाजात चढवलं. सुमात्रा बेटावर आम्ही उतरलो. पुढे लष्कर परत गेलं, आम्ही मागे राहिलो. काही वर्षं मी रबराच्या मळ्यावरच्या साहेबाकडे होते. तोही एक दिवस गेला आणि मी शेडमध्ये गंजत पडले.

सियांतार हे चढउतारांचं गाव. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीचा भाता व्हायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या लष्करी गाड्यांना बाजूला बैठक जोडावी. तेव्हापासून गावात आमच्याच रिक्षा आहेत. आमचा आवाज घरात बसूनही ओळखू येतो. कुणाची गाडी चढ चढते आहे, हे लोक जेवता जेवता सांगतात.

मला शेडमधून बाहेर काढलं ते तियुरच्या बाबांनी. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांना त्याच्याच नावाने हाक मारतात. तियुर तेव्हा तान्ही होती. माझी साइडकार बांधली तियुरच्या मामाने. त्यांचं नाव बिन्सार, धंदा वेल्डिंगचा. पण खरी बांधणारी त्यांची बहीण, तियुरची आई. मूल काखेत घेऊन ती दिवसभर त्यांच्या डोक्यावर उभी होती.

"दादा, पायरी खाली घे. डोक्यावर पाटी असताना मी काय उडी मारू?"

"खाली घेतली तर खड्ड्यात घासेल."

"खड्डे हे चुकवतील. तू पायरी खाली घे. आणि छप्पर वर. आणि इथे एक आकडा लाव, माझी तागडी टांगायला."

"मी रिक्षा बांधतोय की राजवाडा?"

"तुझ्या बहिणीला बसायचंय त्यात. तूच ठरव."

छप्पर वर गेलं, पायरी खाली आली, आकडाही लागला. साइडकारला निळा रंग दिला. मला हिरव्या रंगाचा इतका कंटाळा आला होता की मी मनातल्या मनात खूश झाले.

तियुरची आई होरास बाजारात सुकी मासळी आणि आमच्या डोंगरातलं तिरफळ विकायची. पहाटे तिला पोचवायचं, दिवसभर गिऱ्हाइकं फिरवायची, संध्याकाळी तिला घरी आणायचं, असं आमचं चाले. वाटेत ती सारखी बोलायची. माझा आवाज एवढा मोठा की तियुरच्या बाबांना एक शब्द ऐकू यायचा नाही. त्यांना फक्त तिचे ओठ हललेले दिसायचे, आणि ते मान हलवायचे. घरी पोचल्यावर ती म्हणायची, "हो म्हणालात ना? मग उद्या मला नवीन ताडपत्री आणा." मी मात्र सगळं ऐकायचे. कोणती बाई उधारीवर मासळी नेऊन रस्ता बदलते, इथपासून तियुरला शिकायला बाहेरगावी पाठवायचं की नाही, इथपर्यंत सगळं मला ठाऊक असायचं.

तिची एक सवय बाजारात प्रसिद्ध होती. एखादं गिऱ्हाईक घासाघीस न करता पहिल्याच भावाला पैसे काढू लागलं, की ती त्याला थांबवायची आणि पिशवीत आणखी मूठभर तिरफळ टाकायची. पहिला भाव द्यायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, मग त्याचा फायदा कसा घ्यायचा, असं ती म्हणायची.

मित्रांनो, माझेही कौतुकाचे दिवस होते. मिरवणुकीत मी पुढे असायचे. नवरानवरी माझ्यात बसून चर्चला गेले आहेत. बाहेरगावचे लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. पण माझे सुटे भाग मिळेनासे झाले. जे तुटेल ते दुसऱ्या कशाचं तरी बसवायचं, असं होत गेलं. तरी तियुरच्या बाबांनी मला एकदाही पावसात उघडं ठेवलं नाही.

गेल्या वर्षी तियुरची आई गेली. थोडाच आजार झाला.

त्यानंतरही पहाटे ते मला दारात आणून चालू करायचे आणि थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग एकटेच निघायचे. साइडकार रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक जमिनीवरून उचललं जातं. इतकी वर्षं पहाटे ती कधी रिकामी नसायची, त्यामुळे पहाटेच्या वळणांवर सावरून घ्यायची त्यांना सवय नव्हती. पहिल्याच आठवड्यात आम्ही उलटता उलटता वाचलो. मग त्यांनी नदीवरून एक गोल दगड आणला आणि तियुरच्या आईच्या जागेवर ठेवला.

पुढे त्यांच्या गुडघ्याने साथ सोडली. माझी किक जड आहे, ती मारणं त्यांना जमेना. तियुर बाताम बेटावर नोकरीला होती. ती फोनवर रोज म्हणायची, बाबा, आता इकडे या. अखेर त्यांनी मला विकायचं ठरवलं.

जाकार्ताहून एक गिऱ्हाईक आलं. हारयंतोसाहेब. शांत, हसरा माणूस. त्यांना जुन्या मोटरसायकली जमवायचा नाद होता. त्यांनी मला सगळीकडून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मला फक्त मोटरसायकल हवी आहे. साइडकार नंतर जोडलेली आहे, ती मी काढून टाकीन. हवं तर तुम्हीच ठेवा, तिचे पैसे मी कापणार नाही."

मी हबकले. इतकी वर्षं मी तीन चाकांवर उभी होते. दोन चाकांवर कसं उभं राहायचं ते मी विसरले होते.

बोलणी करायला सगळे त्या कॉफीच्या दुकानात बसले, जिथे आमचे रिक्षावाले बुद्धिबळ खेळतात. मी समोरच उभी होते. बिन्सारमामा नवा शर्ट घालून आले.

"ही गाडी म्हणजे तियुरची बहीण," ते म्हणाले. "तेव्हा मी हिचा मामा. बोलणार मी."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना देज द्यायचं असतं. ते ठरवायला दोन्हीकडची माणसं बसतात. मुलीचे मामा पहिला आकडा सांगतात तो हसण्यासारखाच असतो. मग मुलाकडचे ओरडतात, कुणी छाती बडवतो, कुणी रागाने उठून जातो, त्याला हाताला धरून परत आणतात, पुन्हा कॉफी येते. दुपारपर्यंत आकडा उतरून जिथे यायचा तिथे येतो आणि सगळे मिळून मासा खातात. हारयंतोसाहेब एकटेच आले होते, म्हणून त्यांच्या बाजूने ओरडायला जामोतान नावाच्या रिक्षावाल्याला नेमलं होतं. बिन्सारमामांच्या घरी मासाही शिजायला टाकला होता. माझा भाव पंचवीस दशलक्ष रुपियांच्या आसपास येईल, हे सगळ्यांना माहीत होतं.

मामांनी घसा साफ केला, माझं कूळ सांगितलं, आणि म्हणाले, "सत्तर लाख रुपिया म्हणणार नाही. सत्तर दशलक्ष!"

जामोतानने ओरडायला श्वास घेतला.

"ठीक आहे," हारयंतोसाहेब हसून म्हणाले आणि त्यांनी बॅग उघडली.

बुद्धिबळ थांबलं.

"ठीक आहे म्हणजे?" मामांनी विचारलं.

"म्हणजे मान्य."

"अहो, असं कसं मान्य? जरा रागवा तरी!"

"मी का रागवू? आपण वडीलधारे आहात. आपण सांगितलंत, मी ऐकलं."

"मग मी काय करू?" जामोतान म्हणाला. "मी सकाळपासून तयारी करून आलोय!"

मामा खाली वाकले आणि तियुरच्या बाबांच्या कानात म्हणाले, "दाजी, गप घ्या. देव आज जाकार्ताहून आलाय."

तियुरचे बाबा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे साइडकारच्या आकड्याकडे. मग ते गुडघा सावरत उठले.

"साहेब, पैसे आत ठेवा आणि इकडे या."

त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला. "ही टाकी तेलाच्या पिंपाच्या पत्र्याची. मूळची सडली. पिस्टन दुसऱ्याच गाडीचा, घासून बसवलाय. कार्ब्युरेटर जपानी. गिअर गावातच लेथवर कापलेत. सीट माझ्या शेजाऱ्याने शिवली."

"हँडल तर इंग्रजी दिसतंय," हारयंतोसाहेब म्हणाले.

"निम्मं. एकदा म्हशीला धडकलो होतो."

दुकानात कुणीतरी फिसकन हसलं. मला फार लाज वाटली, मित्रांनो. चारचौघांत माझं एकेक ठिगळ उघडं करून दाखवलं जात होतं.

"मग मूळचं काय राहिलं?" साहेबांनी विचारलं.

तियुरच्या बाबांनी टाकीवरचा हात उचलला आणि साइडकारवर ठेवला. "ही. ज्या दिवशी जोडली, त्या दिवसापासून हिचं काही बदललेलं नाही. पायरी तीच, छप्पर तेच, आकडा तोच. आणि तुम्ही नेमकी हीच टाकून बाकीचं न्यायला निघालात."

हारयंतोसाहेबांनी आकड्याला बोट लावून पाहिलं. "मग तुम्हीच सांगा, मी किती द्यावे?"

"तुम्हाला जी गाडी हवी, ती माझ्याकडे नाही. जी नाही तिचा भाव काय सांगू?"

बिन्सारमामांनी कपाळावर हात मारला. "ऐका लोकहो! मुलीचं देज ठरवायला बसलो आणि बापच म्हणतोय, हिचे दात खोटे आहेत!"

सगळे हसले. हारयंतोसाहेबही हसले, आणि या वेळी मोठ्याने. त्यांच्या नजरेस साइडकारमधला दगड पडला. "हा कशाला?"

मामा काही सांगणार होते. तियुरचे बाबा आधी म्हणाले, "डावीकडे वळताना उचलते."

साहेबांनी पुढे विचारलं नाही. मासा तयारच होता. हळद आणि तिरफळ घातलेला तो मासा त्यांनी पोटभर खाल्ला, जिभेला झिणझिण्या आल्या म्हणून दोनदा पाणी मागितलं, आणि सगळ्यांचे हात हातात घेऊन निघून गेले.

दोन दिवसांनी पोस्मानची आई आली. होरास बाजारात तिची बसायची जागा तियुरच्या आईच्या शेजारी. तिला पाट्या न्यायला गाडी हवी होती, आणि चालवायला तिचा मोठा मुलगा पोस्मान होता.

"पंधरा," ती बसायच्या आधीच म्हणाली.

"पंधरात छप्पर तरी येतं का?" तियुरचे बाबा म्हणाले. "तीस."

"तीस? टाकी पिंपाची, गिअर गावठी, हँडल म्हशीने वाकवलेलं! तुम्हीच सांगितलंत. सगळ्या बाजाराला पाठ झालंय!"

"म्हणून तर तीस! नाहीतर चाळीस सांगितले असते!"

"शेजारणीला लुटता? तिने मला कधी लुटलं नाही!"

"तिला तू कधी पंधरा म्हणाली नव्हतीस!"

जामोतानला अखेर बोलायला मिळालं. तो आधी पोस्मानच्या आईकडून ओरडला, मग चुकून दुसऱ्या बाजूने ओरडला. तियुरच्या बाबांनी बाकावर मूठ आपटली, रागाने उठले, लंगडत दारापर्यंत गेले, त्यांना हाताला धरून परत आणलं. कॉफी आली, संपली, पुन्हा आली. बिन्सारमामा मध्ये पडले नाहीत. ते कोपऱ्यात बसून नुसते बघत होते. बहीण गेल्यापासून दाजींचा असा चढलेला आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

बावीसवर सौदा पटला. दोघंही म्हणत होती, मी बुडालो. दोघंही खूश होती.

"आणि तो आकडा?" ती म्हणाली.

"आकड्याचा भाव नाही लावला. तो काढायचा नाही, एवढंच."

"काढून तागडी काय कानाला टांगू?"

ती खालच्या पायरीवर पाय ठेवून आत बसायला आली. तियुरचे बाबा पुढे झाले आणि त्यांनी तिच्याआधी दगड उचलून घेतला. "आता लागणार नाही," ते म्हणाले. पोस्मानने किक मारली. दुकानाच्या कोपऱ्यावर आम्ही डावीकडे वळलो. साइडकारचं चाक रस्ता धरून राहिलं.

बातामला जायच्या दिवशी पोस्माननेच त्यांना माझ्यातून बसस्टँडवर नेलं. इतकी वर्षं त्यांनी मला चालवलं, पण साइडकारमध्ये ते कधी बसले नव्हते. त्या दिवशी तिच्या जागेवर बसले. मांडीवर बॅग, आणि बॅगेत तो दगड.

"दाजी, बातामला दगड मिळत नाहीत का?" मामांनी निरोप देताना विचारलं होतं.

"मिळत असतील," ते म्हणाले होते आणि त्यांनी बॅगेची चेन लावली होती.

वाटभर ते बोलत होते. माझ्या आवाजात पोस्मानला काही ऐकू आलं नाही. त्याला फक्त म्हाताऱ्याचे ओठ हललेले दिसले आणि त्याने मान हलवली. मी सगळं ऐकलं. पण ते पोस्मानशी नव्हतं आणि माझ्याशीही नव्हतं, म्हणून ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, मी आजही होरास बाजाराला जाते. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू कधी विकायला निघाली, तर तिची ठिगळं लपवू नका. ती ज्याने लावली त्याच्या मेहनतीची ती खूण असते. आणि भाव सांगायच्या आधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. मूळचं काय उरलं आहे ते हाताला कळेल. ते जपणारं गिऱ्हाईक मिळालं, तर दोन पैसे कमी घ्या. आणि विकायची वेळ यायच्या आधी, तिला पावसात उघडं ठेवू नका. मला कुणी ठेवलं नाही, म्हणून तर हे सांगायला मी उरले.