पडदे लावायचं ड्रिल

अश्विननं गोंदियाहून बॅटरीचं ड्रिल आणलं ते पडदे लावायला. घरात खिडक्या दोन, भोकं आठ. आठवं भोक पडलं आणि ड्रिल निळ्या पेटीत जाऊन निवृत्त झालं. अश्विनचा बाप सुकराम त्या पेटीकडे वर्षभर बघत होता. अंगात दम असून दोघंही बसून आहोत, असं त्याला वाटे.

दम होता, गुडघा नव्हता. कुंदाबाईचं माहेर तलावाच्या पाळीपलीकडे, चार किलोमीटर. चव्वेचाळीस वर्षं सुकरामनं बायकोला सायकलवर तिकडे नेलं. तलाव त्याच्या पणज्याच्या पिढीनं खोदलेला. पाळ बांधताना त्या माणसांनी पाण्याचा, मातीचा, दगडाचा विचार केला. पणतूच्या गुडघ्याचा तेवढा राहिला. गेल्या पोळ्याला चढावर गुडघ्यानं नकार दिला, तशी कुंदाबाई कॅरिअरवरून उतरली आणि मागून ढकलू लागली. सुकराम सीटवरच. वर गुराखी बघत होता. तेव्हापासून ती ऑटोनं जाई, पक्क्या रस्त्यानं, चौदा किलोमीटर फिरून. तिला एकदा तरी खाली न उतरवता पाळीवर चढवायचं, एवढंच सुकरामच्या मनात होतं.

खिडक्यांच्या जाळ्या करणारा मनिराम आपलं ग्राइंडर घेऊन आला. सुकरामनं सायकल आणि निळी पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"सुकरामभाऊ, हे भोक पाडाची मशीन हाय जी."

"मंग चढालेच पाडू भोक."

बारा दिवस ठोकाठोक चालली. मागच्या चाकावर ड्रिल आडवं बसवलं, त्याच्या तोंडात बोल्ट, बोल्टवर जुन्या टायरच्या चकत्या. चकत्या चाकाला घासल्या की चाक फिरे. ब्रेकची तार ड्रिलच्या बटणाला बांधली. अंगणात तीन फेऱ्या झाल्या. कुंदाबाई सूप हातात घेऊन ओसरीतून बघत होती.

"चांगली झाली," ती म्हणाली. "मी कोठी बसू?"

सुकरामनं मागे वळून बघितलं. कॅरिअर होतं त्या जागी ड्रिल बसलं होतं, पट्ट्या आवळून, अगदी घरच्यासारखं. चाकाचं माप घेतलं होतं, बोल्टचं घेतलं होतं. मनिरामला एकाएकी घरचं काम आठवलं.

"दांडा हाय ना," सुकराम म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ती दांड्यावरच बसायची. गावात मागे, कॅरिअरवर, डोक्यावर पदर. पाळीवर चिटपाखरू नसलं की पुढे. तिच्या केसांचं खोबरेल त्याच्या हनुवटीला लागायचं आणि सासरवाडीला पोचल्यावर मेहुणी देवकाबाई त्या चकाकत्या हनुवटीकडे बघून विचारायची, भावजी, आज का हनुवटीले तेल लावलं? मग अश्विन झाला. दांड्यावर त्याची छोटी सीट आली. पोरगं मोठं झालं, सीट निघाली, पण कुंदाबाई मागेच राहिली. तिला पुढे ये म्हणायचं त्याच्याकडून राहून गेलं, ते चाळीस वर्षं.

"ह्या वयात, जी?"

"दांड्याले कोन सांगते वय?"

"लोकं पाहातीन."

"ज्याईले पाहून तू मांगं बसत होतीस, ते सारे वर गेले. आता गावात सगळ्यात म्हातारे आपणच हावो."

ती उठून आत गेली. बेत फसला, असं सुकराम समजला. थोड्या वेळानं ती चांगलं लुगडं नेसून आली. हातात गोधडीची घडी होती, ती तिनं दांड्याला बांधली. दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या.

शेजारच्या भिंतीत कुणी भोक पाडतंय असा आवाज करत सायकल गावातून निघाली. लोक आपापल्या भिंती बघायला बाहेर आले. चढ लागला. सुकरामनं ब्रेकची मूठ आवळून धरली, सायकल कण्हत वर सरकू लागली. हनुवटीखाली केस आता पांढरे होते, तेल तेच होतं. निम्म्या चढावर त्या वासात दुसरा, जळका वास मिसळला. ड्रिलनं एक उचकी दिली आणि गप्प झालं.

सुकरामनं पाय टेकले. गेल्या पोळ्याचीच जागा. ती उतरेल म्हणून त्यानं सायकल तिरपी धरली.

"कायले वाकवून राहिले?"

"उतराले."

"मी नाई उतरत. गुडघा पायडल माराले दुखते तुमचा, चालाले नाई. ढकला."

सुकराम खाली उतरला. एक हात हँडलवर, एक सीटवर, असा तो ढकलू लागला. पाळीवर पोचले तेव्हा डावीकडे पाणी होतं आणि समोर, वाटेत, एक म्हैस आडवी पडली होती. घंटी कुंदाबाईच्या हाताशी होती. तिनं ती वाजवली. म्हैस सावकाश उठली आणि पाण्यात उतरली.

कुंदाबाई घंटी वाजवतच राहिली.