पट्टीमामाचा सत्कार

दीड वर्षापूर्वी हा संघ इतक्या इमानेइतबारे हरायचा, की त्याच्याशी सामना असला की समोरचे लोक आपल्या राखीव पोरींना खेळवून घ्यायचे. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये सलग चार वर्षं तळाचा नंबर कुणी यांच्याकडून हिसकावून घेऊ शकलं नव्हतं. मग क्लबाने नवा मॅनेजर आणला, मॅनेजरने नवा कोच आणला आणि दोघांनी मिळून असा झाडू फिरवला की काही विचारू नका. बारापैकी नऊ पोरी, जुना फिजिओ, हजेरी मांडणारा कारकून, सगळे महिन्याभरात घरी. पी हळद अन् हो गोरी असं कुठे होत नाही म्हणतात, पण इथे झालं. पहिल्या हंगामात संघ पाचवा आला आणि दुसऱ्यात थेट फायनलला.

झाडूतून वाचला तो पट्टीमामा. एकवीस वर्षं तो याच ड्रेसिंग रूममध्ये पोरींच्या घोट्यांना, मनगटांना, गुडघ्यांना चिकटपट्ट्या बांधत आला होता. डिग्री नाही, इंग्रजी नाही, पण हात असा की बांधलेली पट्टी चाळीस मिनिटांच्या घामाने तसूभर सरकायची नाही. कात्री वापरायचा नाही, बोटांनीच टर्रकन फाडायचा. नव्या कोचने पहिल्याच दिवशी त्याचं काम पाहिलं आणि मॅनेजरला सांगितलं, "यांना हलवायचं नाही." घरी जाऊन मामा त्या दिवशी एकटाच हसत बसला. एकवीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी असं वाक्य बोललं नव्हतं.

त्याला मामा म्हणायला सुरुवात केली ती त्याच्या सख्ख्या भाचीने, आणि तिचं ऐकून अख्ख्या संघाने. जुन्या संघातल्या ज्या तिघी टिकल्या, त्यात ती एक. तिला या खेळात आणलं मामानेच. त्याची थोरली बहीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, नवरा कधीच गेलेला, पदरात ही एक पोर. "खेळून काय पोट भरणार आहे का रे?" असं ती म्हणाली होती. मामा म्हणाला, "ताई, मी आहे ना तिथे." ताईने पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. तुझ्या भरवशावर सोडते."

सेमीफायनलमध्ये भाची उडी मारून खाली आली आणि तिचा गुडघा आतल्या बाजूला वळला. डॉक्टरांनी स्कॅन काढला. आतला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी दोरी, अर्धा फाटला होता. सहा आठवडे उडी नाही, वळणं नाही. मग पुन्हा बघू, जपलं तर सहसा जुळून येतं, असं ते म्हणाले. फायनल होती सहा दिवसांवर.

कोच वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो मामाशेजारी बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, मी जबरदस्ती करणार नाही. पण तिच्याशिवाय आपण हरतो. तुमच्या हातची पट्टी असली तर ती एक सामना काढेल का?"

खरं उत्तर मामाला ठाऊक होतं. पट्टी गुडघ्याला धीर देते, फाटलेल्या दोरीचं काम करत नाही. हे तो दरवर्षी नव्या पोरींना सांगायचा. पण प्रश्न विचारला होता त्याच्या हाताबद्दल, आणि त्या हाताला नाही म्हणायची सवयच नव्हती. तो म्हणाला, "बांधून बघू."

भाचीला तर कधी एकदा खेळते असं झालं होतं. हंगामानंतर करार नवे होणार होते आणि बसून राहिलेल्या पोरीला नवा करार मिळत नाही, हे तिने डोळ्यांनी नऊ वेळा पाहिलं होतं.

"मामा, आईला स्कॅनचं सांगू नकोस हं."

"तिने विचारलं तर?"

"मुरगळलाय म्हण. तुझं ती ऐकते."

आणि ताईने खरंच विचारलं, आणि मामाने खरंच सांगितलं, की थोडा मुरगळलाय. पोटच्या पोरीची काळजी करणाऱ्या बाईला एवढ्या एका शब्दाने शांत झोप लागली. त्याला काही लागली नाही.

फायनलच्या दुपारी त्याने आयुष्यातली सगळ्यात चांगली पट्टी बांधली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी देऊन गुडघा किंचित वाकवला, पातळ फोमचा थर दिला, मांडीवर आणि पोटरीवर पट्टीची कडी घातली, मग दोन्ही अंगांनी फुलीवर फुली. पंचवीस मिनिटं लागली. "एका पायावर उडी मार," तो म्हणाला. तिने मारली. "दुखतंय?" "अजिबात नाही!" तिचा चेहरा असा फुलला की मामाचा ऊर भरून आला. तेव्हा त्याला भीती वाटायला हवी होती. दुखणं ही त्या गुडघ्याकडे उरलेली शेवटची वाचा होती, आणि ती त्याने आपल्या हातांनी बंद केली होती. पण खरं सांगायचं तर त्याला तेव्हा अभिमान वाटला.

शेवटची चार मिनिटं उरली असताना ती बास्केटखाली वळली. पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. किंकाळी पार वरच्या रांगेपर्यंत गेली. संघ तीन गुणांनी जिंकला, तेव्हा ती रुग्णवाहिकेत होती आणि मामा तिचा हात धरून बसला होता. इस्पितळात नर्सने पट्टी कापली. पट्टी जशीच्या तशी होती, एक टोकसुद्धा उचललेलं नव्हतं. आत गुडघ्यात मात्र धड काही उरलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल, पण खेळ विसरा. भाची दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताई मात्र भावाचा खांदा धरून रडली. "खेळात होतं असं," ती त्यालाच समजावत होती. "तू तरी काय करणार होतास?" मामा मूग गिळून गप्प बसला. तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली असती, तर पुढचं टळलं असतं.

पेपरांत रोज कौतुक सुरू झालं. तळातून शिखरावर, अवघ्या अठरा महिन्यांत! मॅनेजरची दूरदृष्टी, कोचची शिस्त. मग क्लबाने मोठा हॉल घेऊन सत्कार ठेवला. पहिल्या रांगेत भाची कुबड्या घेऊन, तिच्याशेजारी दुकानातून अर्धी रजा काढून आलेली ताई. मॅनेजर बोलला, त्याने कोचला श्रेय दिलं. कोच बोलायला उठला. त्याने मॅनेजरला श्रेय दिलं आणि मग तो थांबला.

"पण एका माणसाचं नाव पेपरात आलं नाही," तो म्हणाला. "फायनलच्या आधी डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, लिगामेंट फाटलाय, या मुलीला खेळवू नका. आम्ही सगळे हातपाय गाळून बसलो होतो. या माणसाने पंचवीस मिनिटांत पट्टी बांधून तिला उभी केली! ती छत्तीस मिनिटं खेळली म्हणून हा कप इथे आहे. मामा, वर या!"

अख्खा हॉल उभा राहिला. एकवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. कुणीतरी त्याला ढकलून पायऱ्यांवर चढवलं, कुणीतरी हातात सन्मानचिन्ह कोंबलं. त्याने खाली पाहिलं. लोकांबरोबर ताईही उभी राहिली होती. टाळी वाजवायला वर आलेले तिचे हात तसेच थांबले होते. भाची मान खाली घालून बसली होती. ताईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

तो बाहेर धावला तेव्हा त्या दोघी दाराबाहेरच्या पायऱ्यांशी पोचल्या होत्या. सहा पायऱ्या, आणि कठडा नाही.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

"हो."

"आणि मला मुरगळलाय म्हणालास."

"आई, मीच त्याला सांगितलं होतं," भाची म्हणाली.

"तू एकोणीस वर्षांची आहेस. मी याच्याशी बोलतेय."

भाचीची एक कुबडी पायरीवरून घसरली, तसा तो सवयीने पुढे झाला आणि तिचा गुडघा सावरायला वाकला.

"हात लावू नकोस तिला," ताई म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. पोरीच्या काखेत हात घालून तिने एक एक पायरी उतरवायला सुरुवात केली. आत टाळ्या अजून चालूच होत्या.