सांधलेला पेला

सन दोन हजार तेवीस, ऑक्टोबरातील सोमवार. स्थळ साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील टॅबर बेट, दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय.

आम्ही बेटावरची काळी माणसे मृताचा शेवटचा पेला फोडून त्याच्या थडग्यावर ठेवतो. पेला फुटला की मरणाची साखळी तुटते. अखंड राहिला, तर घरातले आणखी एक माणूस मागोमाग जाते. माझ्या मेहुण्याच्या दफनाला शेजारचा वेंडेल क्रॉकर आला, तेव्हा पाद्रीबाबांनी त्याला हे समजावले होते. गोऱ्या क्रॉकरला कुंपणापलीकडची आमची वस्ती खुपत असे.

पुढच्या रविवारी मी त्याची विधवा, माझी बहीण ओझेला, हिच्यासह थडग्याशी गेलो. मेहुण्याचा पेला तेथे उभा होता. तुकडे इतक्या निगुतीने चिकटवलेले, की सांधे केसासारखे दिसत. शेजारी एक नवा, इवलासा पेला. त्यावर ओझेलाच्या नातीचे, नायलाचे, नाव रंगवलेले. आत दूध.

ओझेलाने बोट बुडवले. “दादा, कोमट आहे रे अजून!”

आसपास चिटपाखरूही नव्हते. तेव्हापासून ती नायलाला नजरेआड होऊ देत नाही.

आम्ही द्वेषगुन्ह्याची तक्रार केली. न्यायालयात क्रॉकरने सारे कबूल केले. “फुटकं जोडलं, पोरीला दूध ठेवलं. आता चांगुलपणालाही दंड का?”

मागे कोणी खिदळले.

“लई मायाळू की रे तू!” ओझेला कडाडली. “जित्या पोरीला दूध थडग्यावर पाजतोस? आमच्यात त्याचा अर्थ काय, ठाऊक होतं तुला!”

“कायद्याच्या पुस्तकात दाखव तो अर्थ.”

मी बोलण्याची अनुज्ञा मागितली. म्हणालो, “कायद्याला मोडलेले हाड दिसते, मोडलेली भिंत दिसते. परंतु एखाद्या वंशाला त्याच्याच श्रद्धेने घाबरवले, तर तीही इजाच आहे. कायद्याचा अर्थ एवढा रुंदावल्याने मनातला तिरस्कार गुन्हा ठरणार नाही. त्या तिरस्काराने माणूस हेरून केलेले कृत्य ठरेल.”

दंडाधिकारी हटोबाईंनी पुराव्याच्या पेल्याकडे पाहिले आणि आपला पाण्याचा ग्लास हळूच दूर सारला.

“ओझेलाबाई, तुमच्या जागी मीही घाबरले असते. हे यानं तुमच्या लोकांना धाक घालायलाच केलंय, यात मला शंका नाही. पण गावाचा द्वेषगुन्ह्याचा नियम मारहाण नि नासधुशीपुरताच आहे. इथं काही फुटलं नाही, कुणाला लागलं नाही. आरोपी निर्दोष.”