चुन्याच्या घरात घुसलेला ऐतखाऊ

भिंतीवर तो नवा तक्ता मिरवतोय ना, मित्रांनो, त्याच्या पाठीमागे मी लटकतोय. मीही तक्ताच. मूलद्रव्यांचा, मेणकापडावर हातानं रंगवलेला, जुना. खरं सांगतो, त्याला बघून माझा नुसता जळफळाट होतो.

त्वेर शहरातल्या या मुलींच्या शाळेत पोर्फिरी झखारिच रसायनशास्त्र शिकवतात. मला त्यांनीच रंगवलं. नियम सोपा होता. हलकं आधी, जड नंतर, आणि सारख्या स्वभावाची एकाखाली एक. काही घरं अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकामी सोडलेली. पुढे तिथले धनी खरंच सापडले, तेव्हा मुख्याध्यापिका स्वतः मला बघायला आल्या. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू.

खोडी होत्या माझ्यात, नाही म्हणत नाही. हायड्रोजनला धड घर नव्हतं. पाण्यात पडल्यावर भडकणारं सोडियम आणि गरीब चांदी एकाच उभ्या रांगेत कोंबलेली. येव्लाम्पिया नावाची एक तोंडाळ पोरगी आहे. ती म्हणाली, "आमच्या मावशीचा चांदीचा चमचा रोज चहात बुडतो, झखारिच. अजून तरी आग लागली नाही." वर्ग खिदळला.

मग आरगॉन सापडला. हा वायू कुणाशीच जुळत नाही, नुसता ऐतखाऊ. त्याच्यासाठी माझ्यात रिकामं घरसुद्धा नव्हतं. झखारिचांनी नियमाप्रमाणे अणूचं वजन बघितलं. तो पोटॅशियमपेक्षा जड निघाला, म्हणून पोटॅशियमच्या पुढच्या घरात, म्हणजे चुन्यातल्या कॅल्शियमच्या घरात, त्यांनी त्याला पक्क्या तैलरंगात बसवला. कॅल्शियम ढकललं शेजारी, परक्या स्वभावाच्या रांगेत.

"मग चुन्यानं आता कुठं राहायचं?" येव्लाम्पियानं विचारलं.

झखारिच लालबुंद झाले. रंग काही निघेना.

तेवढ्यात पीटर्सबर्गहून हा छापील शहाणा आला. त्यानं असल्या आळशी वायूंना वेगळी रांगच दिली, आणि आरगॉन जड असूनही पोटॅशियमच्या आधी बसवला. नियम यानं मोडला, मी पाळला. वाहवा कुणाची? याची.

शाळेचा दरवान दोसिफेई लगेच मला वितीनं मोजायला लागला. त्याच्या टेबलावर मी बरोबर बसतो म्हणे, कोबी चिरायला झकास. झखारिचांना माझ्याकडे बघवत नव्हतं. ते म्हणाले, ने बाबा. त्यानं मला गुंडाळलंसुद्धा.

येव्लाम्पिया दारात आडवी आली. "नका देऊ, झखारिच. नव्यावरनं मी नुसती घोकते. आरगॉनला वेगळी रांग का, ते मला या घर गेलेल्या चुन्यामुळे कळलं."

झखारिचांनी मला दोसिफेईच्या काखेतून ओढून घेतलं.

आता आरगॉनचा धडा आला की नव्याला वर गुंडाळतात आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघतो. हसायला बघतो, पण बघतो. तेवढा वेळ तो पालथा गुंडाळलेला असतो, आणि मला फार बरं वाटतं.

आणि ऐका. मागून मला त्याचंही सगळं दिसतं. हायड्रोजन त्याच्याकडेही उपराच आहे. जड टेल्युरियम हलक्या आयोडिनच्या आधी बसलंय, आणि का, ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून हात जोडतो, मित्रांनो, मला कोबीखाली घालू नका. उद्या आणखी नवा कुणी येईल. तेव्हा या शहाण्यालाही फेकू नका. माझ्याशेजारी टांगा. मला त्याचं तोंड बघायचंय.