नावाची मालकीण

आमच्या वेबसाइटचं नाव माझ्या नावावर नाही, हे मी चार वर्षं दहा महिने सोयीस्करपणे विसरलो होतो. मग पत्र आलं.

मी बूट बनवतो. एक पाय आखूड असलेल्यांसाठी, वाकड्या टाचेच्या मुलांसाठी. डॉक्टर वेबसाइटवरून पायांची मापं पाठवतात, त्यावर घर चालतं, आणि धंदा चालू आहे म्हणूनच या देशात मला राहू देतात. पण वेबसाइटच्या नावाच्या शेवटी या देशाची दोन अक्षरं हवी असतील, तर परक्या माणसाचं पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य लागतं. मी तेव्हा नुकता आलो होतो. तळमजल्याची खोली कामाला देणाऱ्या आमच्या घरमालकीणबाई, म्हणजे आजी, म्हणाल्या की माझं नाव घाल, मला ते कुठे लागतंय. मी घातलं.

पत्रात होतं, की मालकाने दहा दिवसांत ओळखपत्र घेऊन स्वतः कचेरीत यावं. मालक नुसता नावापुरता निघाला तर नाव रद्द, आणि वापरणाऱ्या परक्याची तक्रार परवाना खात्याकडे. माझी पाच वर्षं भरायला दोन महिने कमी होते. पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली.

त्यात आजींचं विसरणं वर्षभरात वाढलेलं. चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. मला कधी कधी त्या नळ दुरुस्त करणारा समजायच्या. आणि भानावर असल्या की एवढ्या सरळ, की खोटं बोलायचं म्हटलं तर कानापर्यंत लाल होणार.

नवा बूट रोज थोडा थोडा वेळ घालायचा, म्हणजे पायाला बसतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. तीच युक्ती मी आजींवर केली. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तीन वाक्यं म्हणून घ्यायची. नाव माझं आहे. दुकान माझं आहे. हा माझ्याकडे कामाला आहे. पहिल्या दिवशी त्या हसत सुटल्या. चौथ्या दिवशी हसल्या नाहीत. आठव्या दिवशी मी दारात पाऊल टाकताच घडाघडा म्हणून दाखवलं.

बायको म्हणाली, "त्यांच्या डोक्यात काय घालतोयस ते बघ. नंतर काढता येणार नाही." मी तिच्यावर खेकसलो, की आधी दहा दिवस निभावू दे, मग अक्कल शिकव.

कचेरीत मला लांबच्या बाकावर बसवलं. खिडकीतल्या कारकुनाने आजींना एकेक प्रश्न विचारला. आजी ताठ उभ्या राहून बोलत होत्या, कान जराही लाल नव्हते. कारकुनाने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. आजींनी वळून मला पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि मला वाटलं, आता नळवाला म्हणणार. त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हा माझ्याकडे कामाला आहे. हात चांगला आहे त्याचा." शिक्का बसला. माझा जीव भांड्यात पडला.

परत येताना मी त्यांचा हात धरून चालत होतो आणि मूर्खासारखा बडबडत होतो. म्हटलं, आजी, आता विसरा सगळं, सुटलो आपण. शिक्क्याचा कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स छातीशी धरली होती.

दुकानाशी आल्यावर मी कुलूप उघडलं. त्या माझ्याआधी आत शिरल्या. फळीवरचे लाकडी साचे बघितले, एका छोट्या बुटाची टाच दाबून पाहिली, आणि हात पुढे केला.

"किल्ली."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आजी, अहो, दुकान माझं आहे."

त्यांनी पर्स उघडून तो कागद मला दाखवला. आवाजात राग नव्हता, उलट नवख्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं त्या बोलल्या.

"असं सगळ्यांसमोर बोलत जाऊ नकोस. परका माणूस आहेस, उगाच अडचणीत येशील. उद्या आठला ये."

ओरडावं तर शेजारी ऐकतील, आणि कचेरीत जावं तर काय सांगणार? मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.