दुधातनं पाणी काढायचं यंत्र

दुष्काळाच्या त्या साली भूमकडल्या आमच्या गावात निम्मी माणसं खडी फोडायला जायची, निम्मी दूध सोसायटीवर जगायची. सोसायटीत एक काचेची नळी होती. दुधात सोडायची. तरंगली तर दूध चोख, बुडली तर पाणी घातलेलं. आमचे चेअरमन नानासाहेब, त्यांचा त्या नळीवर बायकोपेक्षा जास्त भरवसा.

चांगुणावहिनीच्या दुधात नळी दोन दिवस बुडली. तिसऱ्या दिवशी परत बुडली.

"नाव काढून टाक हिचं," नानासाहेब सेक्रेटरी बलभीमला म्हनले. "पाणी घातलं की नळी बुडती. नळी बुडली. म्हंजे पाणी घातलंच!"

वहिनी पेटली. "टँकर आठ दिसाला येतो. प्यायला घागर मिळंना, दुधात कुठनं वतू? ह्या एका म्हशीवर घर चाललंय माझं!"

म्या लाईनीतनंच इचारलं, "नानासाहेब, दारू पिली की माणूस डुलतो. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"काल भजनात तुमी लई डुलत होता."

लाईन खदाखदा हसली. "कोंड्या, थोबाड बंद!" म्हणत नानासाहेब च्या प्यायला आत गेले.

तेवढ्यात म्या वहिनीची किटली उचलून समोरच्या लिंबाखाली सावलीत ठिवली. माझी किटली दिली भिताडाच्या सावलीला सारून. लाईनीला डोळा मारला. समद्यांनी तोंडाला पटका लावला.

लाईन सरली, नानासाहेब भाईर आले, तवा म्या वहिनीचीच किटली घिऊन फुडं झालो. बलभीमनं नळी सोडली. नळी कशी, ताठ तरंगली!

"बघा!" नानासाहेब वहिनीला म्हनले. "ह्याला म्हनत्यात इमानदारी. शिक जरा कोंडीरामकडनं!"

"पर हे दूध वहिनीचंच हाय की," म्या म्हनलं. "मघाचंच. इचारा समद्यांना."

माना हालल्या. नानासाहेबांचा चेहरा उतरला. "मग तू कायतरी केलं आसशील!"

"काय करणार? पाणी घालता येतं, मालक. दुधातनं पाणी काढायचं यंत्र माझ्याकडं आसतं तर म्या चेअरमन न्हाय का झालो?"

बलभीम डोकं खाजवत म्हनला, "ट्रेनिंगात सांगितलं व्हतं खरं, दूध निवल्याबिगर नळी सोडू नका म्हनून. ऊन दुधात बी ती बुडती. वहिनीचं घर सोसायटीला चिकटून, दूध येतंय वाफाळत. पर लाईन एवढी, कोण थांबतंय?"

"पाण्यानं नळी बुडती, कबूल," म्या म्हनलं. "पर बुडली म्हंजे पाण्यानंच बुडली, हे कुठनं आणलं तुमी?"

नानासाहेबांनी नळी पुसून बलभीमच्या हातात दिली. मग हळूच म्हनले, "बलभीम, नाव ऱ्हाऊ दे. चांगुणा, उद्यापासनं दूध निववून शेवटी येत जा."

वहिनीनं डोळ्याला पदर लावला, पर हसली.

"आन् तुझं सोताचं दूध कुठंय रं, कोंड्या?" नानासाहेबांनी इचारलं.

भिताडाकडंची सावली कवाच सरकली होती, किटली उन्हात तापलेली. झाकण काढलं तर आत फुटलेल्या दुधाच्या गुठळ्या.

नानासाहेबांना लई आनंद झाला. बोट उगारून म्हनले, "नासलं! म्हंजे ह्यानं ह्यात..."

आन् थांबले. चांगुणावहिनी कमरेवर हात ठिवून त्यांच्याकडंच बघत होती.

"बोला की, नानासाहेब," ती म्हनली. "म्हंजे काय?"